एकांकिकेत पिंजरा टांगला तरी परीक्षक "चिकटवलेलं" का म्हणतात?

तुझा प्रश्न बराच लांब आहे, त्यातलं मला जे समजलं ते आधी लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू ऐरोलीचा, कॉलेजच्या ग्रुपबरोबर एकांकिका केलीस, घणसोलीत सिडकोच्या घरात राहणाऱ्या एका सुनेची गोष्ट. स्टेजच्या कोपऱ्यात रिकामा पिंजरा टांगला, शेवटी तिने मेणबत्ती विझवली आणि लाल ओढणी त्या पिंजऱ्यावर टाकली. प्राथमिक फेरीत परीक्षक म्हणाले की प्रतीकं चिकटवलेली वाटतात. सोबत तू वडिलांवरची कविताही टाकलीयस, ज्यात खाडीतले फ्लेमिंगो आहेत, आणि मित्र म्हणाले "भारी आहे, पण कुठेतरी वाचल्यासारखी वाटते". मग तू विचारलंयस की प्रतिमा आणि प्रतीकं समोरच्यापर्यंत अर्थ पोचवतात तरी कशी, काही नियम असतो का.

कॉलेजात आहेस म्हणून अरे-तुरे करते, चालवून घे. मी ठाण्यात मराठी शिकवते, मुलांच्या एकांकिका बसवते, आणि अधूनमधून परीक्षकांच्या खुर्चीतही बसते (तुझ्या स्पर्धेला नव्हते, काळजी नको).

माझ्या मते पिंजरा निवडलास यात फार बिघडलेलं नाही. जुना आहे, पण जुन्या वस्तूही चालतात. बिघडलंय ते वेगळ्याच ठिकाणी, तुझ्या अख्ख्या स्क्रिप्टमध्ये त्या पिंजऱ्याचं कुणाला काही काम पडत नाही. कुणी तो पुसत नाही, येता-जाता कुणाचं डोकं त्याला आपटत नाही, "हे धूड इथून हलवा" असं सासू एकदाही म्हणत नाही. घरातल्या माणसांना तो दिसतच नाही, दिसतो फक्त प्रेक्षकांना. आणि प्रेक्षक हुशार असतो रे, त्याला पहिल्या मिनिटात कळतं की हा आपल्याला काहीतरी सांगायला टांगलाय, बाई अडकलीय, बरं. झालं, अर्थ पोचला आणि संपलाही, पुढची चाळीस मिनिटं पिंजरा नुसता लोंबकळतो. वस्तूला आधी वस्तू म्हणून घरात राहू दे, तिचा त्रास होऊ दे, उपयोग होऊ दे, मग ती तुझ्यासाठी अर्थ उचलेल. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं या एका गोष्टीचा विस्तार समज.

व्याख्यांत फार अडकू नकोस, त्या पेपरात लिहायला ठीक. कामापुरतं सांगायचं तर प्रतिमा म्हणजे डोळ्याला, कानाला, नाकाला, कातडीला काहीतरी होतं. त्यातलीच एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा येऊन किंवा अगदी मोक्याच्या जागी येऊन स्वतःपेक्षा जास्त वजन उचलायला लागली की आपण तिला प्रतीक म्हणतो. सगळ्या प्रतिमांनी प्रतीक व्हायची गरज नाही, बऱ्याच नुसत्या प्रतिमा म्हणूनच छान असतात. आणि साधी उपमाही कमी ताकदीची नसते. बहिणाबाई "अरे संसार संसार, जसा तावा चुल्ह्यावर" म्हणतात तेव्हा "जसा" म्हणून दोन्ही बाजू उघड करून टाकतात, लपवाछपवी काही नाही, तरी ती ओळ लागते कारण पुढच्याच ओळीत हाताला चटके बसतात. तवा उदाहरणापुरता आणलेला नाहीये, तो तापलेला आहे.

आता कवितेत हे कसं होतं ते एकदा जवळून बघू. बालकवींची "औदुंबर" घे, शाळेत झालीच असेल. फक्त आठ ओळी. सुरुवातीला दोन्ही तटांवर हिरवाळी आणि निळासांवळा झरा. मग पलीकडे टेकडीशी चार घरांचं चिमुकलं गाव, पुढे शेतमळ्यांची हिरवी गर्दी. मग त्यातून एक पांढरी पायवाट निघते, अडवीतिडवी, हिरव्या कुरणातून चालत जाते, आणि जाते कुठे तर "काळ्या डोहाकडे". इथे जरा थांब. इथपर्यंत कवीने एकाही भावनेचं नाव घेतलेलं नाही, दुःख नाही, मरण नाही, एकटेपणा नाही. नुसते रंग बदलत गेले, हिरवा, निळा, पांढरा, काळा, आणि वाट माणसांच्या घरांपासून लांब वळली. आपल्या पोटात काहीतरी हललेलं असतं आणि का ते सांगता येत नाही. मग पाण्यावर "गोड काळिमा" पसरतो, गोड आणि काळिमा हे दोन शब्द शेजारी ठेवायला धाडस लागतं बरं का, आणि अगदी शेवटच्या ओळीत ते झाड येतं, "पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर".

या झाडावरून किती वाद झालेत. कुणाला तो विरक्त साधू वाटतो, कुणाला त्यात मृत्यूची सावली दिसते, कुणी म्हणतं निसर्गचित्र आहे, उगाच ओढाताण करू नका. मला तिन्ही वाचनं चालतात, पण वाद एवढा टिकतो तो का, याचं कारण मला स्पष्ट दिसतं, ते झाड आधी झाड आहे, त्याच्या मुळांना खरोखर पाणी लागतंय. शिवाय औदुंबर म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात दत्ताचं देऊळ, पार, पादुका हे सगळं न बोलावता येऊन उभं राहतं. त्यासाठी बालकवींना एक शब्दही खर्च करावा लागला नाही. तिथे आंबा किंवा बाभूळ टाकून वाचून बघ, वृत्ताचं सोड, कविताच दुसरी होते. म्हणजे कुठली वस्तू, कुठल्या क्रमाने, आणि कशाच्या शेजारी, अर्थ बहुतेक इथेच तयार होतो. "हे अमुकचं प्रतीक आहे" हे कवीला कुठे लिहावं लागत नाही, आणि लिहिलं तर कविता तिथेच बसते.

आता "अवलंबून आहे" वाला भाग, कारण तू नियम विचारलायस. अर्थ अर्धा वाचकाकडे असतो, आणि हे काही आजचं फॅड नाही. मम्मट या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकाराच्या "काव्यप्रकाश" ग्रंथात "सूर्य मावळला" या एका वाक्याचं उदाहरण आहे. सेनापतीने ऐकलं तर हल्ल्याची वेळ झाली, प्रियकराला भेटायला निघणारीने ऐकलं तर निघायची वेळ झाली, गुराख्याने ऐकलं तर गुरं घरी न्यायची, संध्या करणाऱ्याला संध्येची आठवण. वाक्य तेच, कोण कुणाला कधी म्हणतंय त्यावर सगळं ठरतं. ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून "सात वाजले" म्हणून बघ, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वेगळं काहीतरी दिसेल.

रंगांच्या बाबतीत तर हे फारच होतं. निळा घे. तुझ्या प्रेक्षकांत कुणाला निळं म्हणजे कृष्ण, कुणाला नुसतं आकाश, आणि आंबेडकरी वस्तीत वाढलेल्याला निळं म्हणजे निळा झेंडा, चौदा एप्रिल, बाबासाहेब. तू "शांत दिसतं" म्हणून नायिकेला निळी साडी नेसवलीस तरी तो तिसरा प्रेक्षक ती तशी वाचणार नाही, आणि चूक त्याची नाही, तो रंग त्याच्याकडे आधीच भरलेला आहे. तुझ्या लाल ओढणीचं उलटं झालंय. लाल म्हणजे लग्न, कुंकू, रक्त, धोका, बंड, एवढं सगळं एकदम आल्यावर हाताला काहीच लागत नाही. ओढणी कुणाची, कधी घेतली, कुणी दिली हे स्क्रिप्टमध्ये एकदा आलं असतं तर यातला एक अर्थ पुढे आला असता आणि बाकीचे मागे थांबले असते.

नाटकाचं गणित मात्र कवितेपेक्षा वेगळं. कवितेचा वाचक मागे जाऊन ओळ परत वाचतो, नाटकाच्या प्रेक्षकाला ती सोय नाही, त्याच्या हातून एकदा निसटलं की निसटलं. म्हणून स्टेजवरची वस्तू परत यावी लागते, आणि परत येताना बदलून यावी लागते. याचं माझं कायमचं उदाहरण म्हणजे तेंडुलकरांचं १९६७ चं "शांतता! कोर्ट चालू आहे". सुरुवातीलाच नायिका बेणारेचं बोट दाराच्या कडीत सापडतं, ती बोट तोंडात घालते, आणि हॉल दाखवायला आलेला गावातला सामंत सांगतो की या दाराची कडी जरा विचित्र आहे, नीट सरकवली नाही आणि दार बाहेरून ओढलं गेलं तर आतले आतच अडकतात. किती साधं आहे बघ, गावातला एक हॉल, जुनी कडी, थोडी थट्टा. प्रेक्षक विसरूनही जातो. मग नाटकमंडळींनी वेळ घालवायला मांडलेला खोट्या खटल्याचा खेळ बेणारेच्या अंगावर यायला लागतो, ती उठून दाराकडे जाते, आणि दार उघडत नाही. त्या क्षणी कुणाला "दार हे समाजाचं प्रतीक आहे" वगैरे आठवत नाही, घशाला कोरड पडते. विचार मागून येतो. आणि तो सामंतच्या हातातला कापडी हिरवा पोपट, पुतण्यासाठी आणलेला, नाटकभर बिचारा इकडून तिकडे, तो शेवटी सामंत हळूच तिच्याजवळ ठेवून जातो. तोच पोपट पहिल्या प्रवेशात स्पॉट मारून दाखवला असता तर शेवटी काही उरलं नसतं.

प्रतिमा दिसायलाच पाहिजे असंही नाही, ती नुसत्या बोलण्यातूनही चालते. शेक्सपिअरच्या काळात लंडनच्या उघड्या थिएटरांत खेळ दुपारी उजेडात व्हायचे, म्हणजे रात्र करायची तर शब्दांनीच करायला लागायची. त्याच्या "मॅकबेथ" मध्ये नवऱ्याने राजाचा खून केल्यावर लेडी मॅकबेथ म्हणते की थोड्या पाण्याने हे सगळं धुऊन निघेल. पाचव्या अंकात तीच बाई झोपेत चालत हात चोळत असते आणि डाग जात नाही. मधे पाण्यावर कुणी भाषण दिलेलं नाही. पहिलं वाक्य ज्याच्या कानात राहिलंय त्याला दुसरा प्रवेश दुप्पट लागतो, ज्याच्या नाही राहिलं त्यालाही लागतोच, फक्त जरा कमी. चांगल्या प्रतीकाची ही एक खूण मी मुलांना सांगते, ते नाही कळलं तरी सीन चालला पाहिजे.

आणि सेटला पैसे नाहीत ही तक्रार असेल, ती सगळ्यांचीच असते, तर तेंडुलकरांच्याच "घाशीराम कोतवाल" (१९७२) मधली माणसांची भिंत आठव. रांगेत उभे असलेले ब्राह्मण नाचता-गाता भिंत होतात, पडदा होतात, फिरले की मागचं झाकलं जातं, पुन्हा फिरले की उघडं पडतं. खर्च शून्य. आणि अर्थ काय जबरदस्त, मागे जे चाललंय त्याच्यावर पडदा टाकणारे हे सभ्य लोक स्वतःच आहेत, हे कुणालाही वाक्यात बोलावं लागत नाही.

तर आता तुझ्या एकांकिकेकडे. पिंजरा काढून टाक, कारण तुझ्याकडे त्याहून चांगला पिंजरा स्क्रिप्टमध्येच आहे आणि तुला तो दिसलेला नाही. तिसऱ्या प्रवेशात सून खिडकीच्या ग्रिलमध्ये कपडे वाळत घालते असं तू एका ओळीत लिहून पुढे गेलायस. अरे, सिडकोच्या घरांची ती बाहेर काढलेली लोखंडी ग्रिल! नवी मुंबईतल्या प्रेक्षकाला याहून ओळखीचं काय असणार. तिच्यात तुळस असते, कांद्याची पिशवी असते, तुटकी बादली, कुणाची तरी लहानपणची सायकल, आणि घरात जिला स्वतःची खोली नाही अशी बाई फोनवर बोलायला तिथेच जाऊन उभी राहते. आणि त्या ग्रिलला आगीबिगीत बाहेर पडायला एक छोटी खिडकी ठेवलेली असते, तिला गंजकं कुलूप असतं, आणि किल्ली कुठे आहे ते घरात कुणालाच माहीत नसतं.

मी असते तर काय केलं असतं सांगते, घ्यायचं तर घे. पहिल्या प्रवेशात सून कपडे झटकून वाळत घालते, खालच्या मजल्यावरची बाई ओरडते की पाणी गळतंय, सगळे हसतात, ग्रिल नुसती ग्रिल. पुढे भाजीवाल्यासाठी ती दोरीला पिशवी बांधून खाली सोडते, वर ओढते, बाहेरच्या जगाशी तिचा व्यवहार एवढाच. मधे कधीतरी सासरा "त्या कुलपाची किल्ली शोधायला हवी एकदा" असं पेपर वाचता वाचता म्हणतो आणि कुणी लक्ष देत नाही. मग शेवट, आणि शेवट तुझा आहे, मी ठरवणार नाही. ती किल्ली शोधायला लागते का, पिशवीत काही ठेवून खाली सोडते का, की सासूच एक दिवस त्या ग्रिलमध्ये येऊन तिच्या शेजारी उभी राहते, प्रत्येकाने वेगळं नाटक होईल. मला तिसरं आवडेल कारण मग कळतं की ही जागा या घरात सुनेच्याही आधीपासून कुणाची तरी होती. पण तू लिहिलेली सासू तेवढी उघडते का ते तुलाच माहीत.

नटांना एक सांग, ग्रिलकडे अर्थपूर्ण बघायचं नाही. हे मी तालमीत ओरडून सांगते. नटाने प्रतीकाकडे भावुक होऊन बघितलं की प्रेक्षक लगेच बाहेर पडतो. रशियन नाटककार चेकॉव्हच्या "सीगल" नाटकात एक तरुण लेखक मारलेला सीगल पक्षी आणून नीना या तरुणीच्या पायाशी ठेवतो तर ती म्हणते की हे बहुतेक प्रतीक असावं पण माफ कर, मला काही समजत नाही. चेकॉव्हने स्वतःच्याच नाटकाच्या नावातल्या पक्ष्याची अशी फिरकी घेतलीय आणि तरी शेवटपर्यंत तो पक्षी पुसला जात नाही. तुझ्या सुनेला ग्रिल म्हणजे दोरी, चिमटे आणि वाळायचे कपडे, बस.

मेणबत्ती सोड. खरी ज्योत लावायला बऱ्याच थिएटरांत परवानगी मिळत नाही, आणि मिळाली तरी मागच्या रांगेतून ती दिसत नाही, मग तुम्ही वरून अंबर लाइट टाकता आणि ते आणखीच खोटं दिसतं.

कवितेवर थोडं लिहिते कारण खरं सांगायचं तर मला ती एकांकिकेपेक्षा जास्त आवडली. मित्रांना ती वाचल्यासारखी का वाटली? कारण फ्लेमिंगो म्हणजे लांबून आलेला पाहुणा, सुंदर, गुलाबी, एवढंच तू घेतलंस, आणि तुमच्या नवी मुंबईत तो पक्षी आता चौकाचौकात आणि भिंतीभिंतीवर रंगवलेला आहे, त्यामुळे शब्द आला की डोळ्यासमोर बोर्ड येतो, पक्षी येत नाही. जरा खाडीवर जाऊन नीट बघ, ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट जाते, तुला तर जवळच आहे. तो पक्षी डोकं उलटं करून चिखलाच्या पाण्यातून खाणं गाळतो. तास अन् तास मान खाली. त्याचं पिल्लू राखाडी असतं, गुलाबी रंग जन्माने मिळत नाही, त्या शेवाळातून आणि बारीक किड्यांतून अंगात येतो. आणि चोच बघितलीस का, मधेच खाली वाकलेली.

आता तुझ्याच कवितेची सातवी ओळ वाच. साताऱ्याकडून आलेले वडील, वाशीच्या मार्केटात माथाडी, आणि "दाराआड खिळ्याला टांगलेला हूक". पोती ओढायचा हूक. या एका ओळीत तुझे वडील मला दिसले, बाकी चौदा ओळींत तू त्यांच्याबद्दल सांगत होतास. ती वाकडी चोच आणि तो हूक एकाच कवितेत आहेत आणि तू त्यांची गाठ घालून दिलेली नाहीस. घालताना "जशी चोच तसा हूक" असं मात्र लिहू नकोस. दोन्ही नीट दाखव, जवळजवळ ठेव, वाचक जोडेल. आणि "स्थलांतर", "संघर्ष", "घामाचं सोनं" हे तिन्ही शब्द काढ, ते काढल्यावर कविता लंगडी झाली तर समज की प्रतिमा अजून काम करत नाहीयेत, आणि उभी राहिली तर झालं.

हेच एकांकिकेलाही लावून बघता येतं. सुनेच्या शेवटच्या मोनोलॉगमधलं "मी या पिंजऱ्यात कैद आहे" हे वाक्य पिंजऱ्याबरोबरच जाऊ दे. एक अपवाद सांगून ठेवते, तुम्ही पथनाट्य करत असाल, स्टेशनबाहेर गर्दीत, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि पिंजरा बिनधास्त डोक्यावर घेऊन उभे राहा. तिथे माणूस दोन मिनिटं थांबणार, लोकल पकडायला पळणार, त्याला पहिल्या नजरेत कळायलाच हवं. उघडं प्रतीक वाईट नसतंच, बंद थिएटरात पाऊण तास बसलेल्या माणसाला मात्र ते पुरत नाही.

ग्रिलचा सांगाडा करायचा ठरवलास तर लोखंडाचा करू नका, टेम्पोतून चढवता-उतरवता हाल होतील आणि सेट लावायला मिळणारी मिनिटं त्यातच जातील. पीव्हीसी पाइप घ्या, काळा रंग, त्यावर थोडा गंजाचा तपकिरी हात मारा, तीन भागांत सुटा करा. कुलूप मात्र खरं आणि जड घ्या, त्याचा आवाज लागणार आहे. नवीन ड्राफ्ट झाला की इथेच टाक, सासूचे प्रवेश आधी वाचेन.